एक्स-रे खोलीतले पहिले तीन महिने: कोकणात नव्याने रुजू होणाऱ्या तंत्रज्ञांसाठी

कोर्समध्ये पोझिशनिंग शिकवतात, केव्ही आणि एमएएस (किरणांचा जोर आणि मात्रा) शिकवतात, किरणांपासून बचाव शिकवतात. पण बाहेरचं बाकडं भरलेलं, आत ट्रॉलीवर अपघाताचा पेशंट, फोनवर वॉर्डातल्या सिस्टर आणि दार ढकलून डोकावणारा कुणाचा तरी मेहुणा, हे सगळं एकाच वेळी आलं की काय करायचं ते कुणी शिकवत नाही. पालघरपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, सिव्हिलला किंवा खासगी डायग्नोस्टिक सेंटरमध्ये पहिल्यांदा रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. या कामातला सगळ्यात मोठा ताण किरणांचा नसतो आणि निव्वळ पेशंटच्या संख्येचाही नसतो. एक्स-रे कुणाचा काढायचा ते डॉक्टर ठरवतात, पेशंट कधी पाठवायचा ते वॉर्ड ठरवतो, वीज कधी जाणार ते महावितरण ठरवतं आणि उशीर झाला की बोलणी मात्र तुम्हाला बसतात. रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये हेच मांडलं होतं: कामाची मागणी मोठी आणि कामावरचा ताबा छोटा असला की माणूस लवकर खचतो. मागणी तुम्ही कमी करू शकणार नाही. ताबा मात्र थोडाथोडा वाढवता येतो, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी 1: पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या

नवा माणूस प्रश्न विचारतो यात कुणाला काही वाटत नाही. तेच प्रश्न दोन महिन्यांनी विचारले की तक्रार वाटते. म्हणून लाज न बाळगता लगेच विचारा.

माझा टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणांचा डोस मोजणारा बिल्ला) कधी येणार? बॅज तुमच्या नावाने नोंदवावा लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज रुजू झाल्याच्या दिवशीच करायला लावा. 'तोवर आधीच्या माणसाचा लाव' असं कुणी सुचवलं तर हसून नाही म्हणा. त्या बॅजवरचा डोस त्याच्या खात्यात जाईल आणि तुमचा कुठेच नोंदला जाणार नाही.

यंत्राचा परवाना कुठे आहे? प्रत्येक वैद्यकीय एक्स-रे यंत्राची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन व्यवस्थेत असावी लागते. त्याची प्रत बघून ठेवा. किरण सुरक्षा अधिकारी म्हणून कुणाचं नाव दिलंय तेही बघा. कागदावरचं नाव आणि रोज भेटणारा माणूस एकच असेल असं नाही.

मी रजेवर गेलो तर कोण? या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी उत्तरच नसतं, कारण पद एकच असतं. उत्तर नाही हे पहिल्या आठवड्यात कळलेलं बरं. शेजारच्या तालुक्यातल्या तंत्रज्ञाचा नंबर त्याच दिवशी घ्या.

कॉल ड्युटी (तातडीच्या पेशंटसाठी वेळेबाहेर बोलावणं) किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, बोलावणं कुणी करायचं, नोंद कुठल्या रजिस्टरला होते, बदली सुट्टी मिळते का? हे तोंडी नको. अधीक्षकांकडून ड्युटीचा आदेश लेखी मागा. नाही मिळाला तर स्वतःची एक वही ठेवा आणि प्रत्येक कॉलची तारीख, वेळ, बोलावणाऱ्याचं नाव, पेशंटचा नोंदणी क्रमांक लिहा. पुढे कधी 'तुम्ही त्या रात्री आलाच नाहीत' असा प्रश्न निघाला की तीच वही कामाला येते.

पायरी 2: किरणांची भीती आधी निकालात काढा

या भीतीवर वर्षानुवर्षं लोक झोप घालवतात. घरचे विचारतात, लग्न जमवताना तर हमखास विचारतात. त्यामुळे आकडे तोंडपाठ असू द्या.

आपल्या देशात किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी मर्यादा आहे सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांमुळे जगभरातल्या माणसाला सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलीसिव्हर्ट तसेही मिळतातच. साध्या एक्स-रे विभागात आडोशामागे उभं राहून काम करणाऱ्यांचे टीएलडी अहवाल बहुतेक वेळा मर्यादेच्या फार खाली असतात. कॅथलॅब किंवा सी-आर्मचं, म्हणजे किरण चालू असताना पेशंटजवळ उभं राहायचं काम वेगळं, तिथे जास्त जपावं लागतं.

बटण सोडलं की किरण थांबतात. खोलीत, कपड्यांत, फिल्ममध्ये, पेशंटच्या अंगात काही उरत नाही. एक्स्पोजरच्या वेळी तुमच्यापर्यंत येणारे किरण मुख्यतः पेशंटच्या अंगावरून विखुरलेले असतात, म्हणून अंतर हे सगळ्यात स्वस्त संरक्षण. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो, तिप्पट केलं की नवव्या भागावर येतो. वॉर्डात पोर्टेबल यंत्र घेऊन गेलात तर बटणाची वायर पूर्ण ताणून किमान दोन मीटर मागे जा, किरण अडवणारा जड एप्रन घाला, शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला बाहेर काढा आणि मगच बटण दाबा.

बॅज छातीवर, एप्रनच्या आतून लावायचा. सुट्टीला जाताना तो खोलीत भिंतीवर टांगून ठेवू नका, उन्हात तापलेल्या गाडीत तर नकोच. दर तिमाहीला आलेल्या अहवालाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नोकरी बदलली की जुना हिशोब तुमच्याकडे असतो.

मूल रडतंय म्हणून ते धरायला तुम्ही जाऊ नका. आई किंवा बाबांना एप्रन देऊन धरायला सांगा, आई गरोदर नसल्याची खात्री करून. महिन्यातून एखादं मूल धरलं तर काय होतंय, असं म्हणणारे भेटतील. महिन्यातून एखादंच मूल येतं अशी ओपीडी मी तरी पाहिलेली नाही.

तुम्ही स्वतः गरोदर असाल तर कळल्याबरोबर लेखी कळवा. कळवल्यापासून पुढे बाळाला मिळणारा डोस 1 मिलीसिव्हर्टच्या आत ठेवायचा असतो आणि त्याप्रमाणे काम बदलून देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही ही आपल्याकडची रीत आहे खरी, पण इथे ती रीत मोडा. गोष्ट फक्त अधीक्षकांपर्यंत ठेवा असं सांगता येतं.

पायरी 3: रांग तुमची आहे, ती तुम्हीच चालवा

कोकणातल्या रांगेला ऋतू असतो आणि तो एकदा कळला की निम्मा धसका जातो. मार्च ते मे आंब्याचे दिवस: झाडावरून पडलेले, शिडी सरकलेली, मनगट, टाच, मणका. त्यातच मुंबईहून आलेल्या पोरांचे विहिरीवरचे आणि बाइकवरचे पराक्रम. पाऊस लागला की जांभ्याच्या पायऱ्यांवरून घसरलेल्या म्हाताऱ्या माणसांची कंबर आणि खुबा, शिवाय तापाच्या पेशंटचे छातीचे एक्स-रे. मासेमारीबंदी उठली की बंदरालगतच्या रुग्णालयांत बोटीवर दोरात आणि यंत्रात अडकलेली बोटं. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात. या दिवसांत एक दिवसाची रजा मागायची तर महिनाभर आधी मागा आणि फिल्म, पेपर, सीडी आधीच भरून ठेवा.

रोजच्या रांगेसाठी तीन गोष्टी करून बघा. दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लावा: आधी अपघाताचे व तातडीचे पेशंट, नंतर क्रमाने. लोकांना थांबण्याचा राग कमी येतो, आपल्यामागून आलेला आधी आत गेला याचा जास्त येतो. दुसरं, चिठ्ठी घेताना पेशंटला नंबर द्या, साध्या कागदावर चालेल. तिसरं, पुढच्या दोन पेशंटना बाहेरच तयारी सांगा.

तयारीवर जरा थांबतो, कारण परत काढाव्या लागणाऱ्या एक्स-रेंमधला मोठा वाटा इथे वाचतो. आपल्याकडे बायकांच्या मंगळसूत्राला आणि बांगड्यांना सेफ्टी पिना लटकवलेल्या असतात. पुरुषांच्या कमरेला करगोटा असतो, त्यात कधी किल्ली, कधी ताईत. लहान मुलांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात काय काय असतं. छातीच्या फोटोत पिन आली की परत एक्स्पोजर, परत पाच मिनिटं, परत बाहेर कुरकुर. मंगळसूत्र काढा म्हटलं की म्हाताऱ्या बाया बिचकतात. छातीच्या एक्स-रेला 'काढू नका, फक्त वर उचलून तोंडात धरा' किंवा 'मुलीच्या हातात द्या' असं सांगा, काम होतं. करगोटा कापायला लावू नका, वर सरकवा. एमआरआयला मात्र सवलत नाही. चुंबक कायम चालू असतो, तिथे पिनसुद्धा बाहेर.

भाषेचंही तसंच. सिंधुदुर्गात 'खंय दुखता?' विचारलंत तर म्हातारा निम्मा सैल होतो. रत्नागिरीच्या बंदरांवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी खलाशी आणि राखणदार पुष्कळ आहेत, त्यांना श्वास रोखायला हिंदीत सांगा आणि आधी स्वतः करून दाखवा. पुस्तकातल्यासारखं 'दीर्घ श्वसन करा' म्हणू नका.

पायरी 4: 'काय दिसतंय हो?'

हा प्रश्न दिवसातून कितीही वेळा येईल. लोक एक्स-रेला फोटो म्हणतात, आणि फोटो काढणाऱ्याला फोटोत काय आहे ते दिसलंच असणार, हे त्यांचं गणित बरोबरच आहे. दिसलेलं असतं. तरी निदान सांगणं तुमचं काम नाही आणि कायद्यानेही ते तुमचं नाही.

नव्या लोकांना यात दोन चुकीच्या वाटा दिसतात. एक, 'मला काही माहीत नाही' असं तुटक उत्तर; त्याने माणूस दुखावतो आणि भांडणाला तोंड फुटतं. दुसरी, 'काही नाही, नॉर्मल आहे' असा दिलासा. तो उद्या अंगाशी येतो. एक वाक्य ठरवून घ्या आणि तेच वापरा. उदाहरणार्थ: 'फोटो चांगला आलाय काका, परत काढावा लागणार नाही. त्यात काय आहे ते डॉक्टर बघून सांगतील, त्यांची खोली डावीकडे तिसरी.' यात खोटं काही नाही, आणि माणसाला पुढे कुठे जायचं ते कळतं. वाक्य ठरलेलं असलं की तुमचा चेहराही ठरलेला राहतो, त्याचा उपयोग जास्त.

चेहऱ्याचं हे कठीण आहे. सीटीच्या पडद्यावर मेंदूत मोठा रक्तस्राव तुम्हाला सगळ्यांच्या आधी दिसतो आणि काचेपलीकडे त्याची बायको तुमच्याकडेच बघत असते. अशा वेळी दोन कामं करा: डॉक्टरांना लगेच फोन, आणि त्या फोनची वेळ रजिस्टरला. फोन नातेवाइकांसमोर करू नका. त्यानंतर पाच मिनिटं मिळाली तर बाहेर जाऊन तोंड धुऊन या. दुसऱ्या कुणी बघितलं तर काय म्हणेल याची काळजी करू नका, वॉर्डातल्या सिस्टरही हेच करतात.

लहान मुलांचे फ्रॅक्चर, मारहाणीच्या केसेस, वय ठरवण्यासाठी पोलिसांनी आणलेल्या मुली, बुडालेल्यांसोबत आलेले अर्धमेले मित्र, यातलं काहीतरी घरी येतं. शब्दांत कुणाला तरी सांगा. नाव, गाव, ओळख न सांगता. एकाच खोलीत एकटं काम करणाऱ्यांना चहाला कुणी सोबती नसतो, हीच आमच्या कामातली खोट. म्हणून दुपारचा डबा एक्स-रे खोलीत खाऊ नका. लॅबवाल्यांबरोबर, फार्मसीत, ड्रेसिंगच्या मामांबरोबर बसा. किरणांचा इथे संबंध नाही, माणसांचा आहे.

एमएलसीच्या (पोलिसांत नोंद होणाऱ्या) केसमध्ये फिल्मवर नाव, तारीख, बाजू, एमएलसी क्रमांक नीट घाला आणि प्रत कुणाला दिली त्याची सही घ्या. वर्षांनी कोर्टाचं समन्स येऊ शकतं. तेव्हा आठवावं लागू नये, वाचता यावं.

पायरी 5: डॉक्टर आणि वॉर्डाशी बोलायची रीत

चिठ्ठीवर नुसतं 'एक्स-रे लेग' लिहून आलं, उजवा की डावा नाही, कुठला भाग नाही. पेशंटला विचारून तुम्ही उरकता आणि मग 'मी गुडघा सांगितला होता' ऐकता. चिठ्ठी परत पाठवायला धीर होत नसेल तर फोन करा: 'सर, उजव्या पायाचा घोटा, दोन व्ह्यू, बरोबर ना?' आणि चिठ्ठीवर स्वतः लिहा, 'फोनवर विचारून'. दोन-तीन आठवड्यांत चिठ्ठ्या आपोआप पूर्ण येऊ लागतात, कारण डॉक्टरांनाही फोन नको असतो.

सगळंच तातडीचं म्हणून येतं तेव्हा वाद घालू नका, निवड त्यांच्यावर सोपवा: 'सर, अपघाताचा पेशंट टेबलवर आहे. त्याला उतरवून आधी तुमचा घेऊ का?' बहुतेक वेळा उत्तर 'नको, होऊ दे' असंच येतं.

बाळंतपणाच्या वयातल्या बाईचा पोटाचा किंवा कंबरेचा एक्स-रे आला तर पाळीची तारीख विचारायची. सासू शेजारी उभी असताना विचारू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून, त्यांचा निर्णय लिहून घेऊन मगच पुढे. याबाबत 'काढ रे, काही होत नाही' हे तोंडी आश्वासन पुरेसं नाही.

पायरी 6: आवाज चढला तर

गावातल्या रुग्णालयात पेशंटबरोबर अर्धी वाडी येते. त्यातला एखादा प्यायलेला, एखादा पुढारी. तुमची जागा नेहमी दाराजवळ असू द्या, कोपऱ्यात अडकू नका. आवाज वाढवू नका, पण 'मी आता सिक्युरिटीला आणि मेडिकल ऑफिसरना बोलावतो' हे एकदा स्पष्ट सांगा आणि खरंच बोलवा. एकटे असाल तर यंत्र बंद करून बाहेर या. यंत्रापेक्षा तुम्ही महत्त्वाचे आहात.

2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार आरोग्यसेवकावर हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्यात डॉक्टर-नर्सबरोबर तुमच्यासारखे निमवैद्यकीय कर्मचारीही येतात. हे कलम तिथल्या तिथे ऐकवून भांडण वाढवायचं नाही. घटना घडल्यावर मात्र अधीक्षकांकडे लेखी अर्ज त्याच दिवशी द्या, 'जाऊ दे, आपल्याच गावचा आहे' हा सल्ला मिळाला तरी. नोंद झाली नाही तर पुढच्या वेळी सिक्युरिटी मागायला आधार राहत नाही.

अंधाऱ्या खोलीत पेशंटजवळ काम करताना स्त्री तंत्रज्ञांना सहकाऱ्यांकडून किंवा नातेवाइकांकडून होणारा त्रास हा वेगळा विषय आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्या अध्यक्षांचं नाव कुठे लावलंय ते पहिल्या महिन्यात शोधून ठेवा. पुरुष तंत्रज्ञांनी स्त्री पेशंटच्या एक्स-रेला मावशींना आत बोलवायचं, नेहमी, अपवाद न करता.

पायरी 7: रात्रीचा कॉल

कॉलसाठी क्वार्टर रुग्णालयाजवळ मिळालं तर भाड्याचा विचार न करता घ्या. पावसात रात्री दोन वाजता बाइकवरून घाटवळणं आणि वरून कोसळलेल्या दरडीची माती, हा धोका कुठल्याही किरणांपेक्षा मोठा आहे. लांब राहत असाल तर रुग्णालयाची गाडी मागा.

झोप अर्धवट मोडते तेव्हा दुसऱ्या दिवशी हात चुकतात. बाजूचं चिन्ह उलटं लागतं, नाव दुसऱ्याचं पडतं. रात्री दोनपेक्षा जास्त कॉल झाले तर सकाळी डोकं ताजं असल्याचा आव आणू नका. प्रत्येक एक्स्पोजरआधी मोठ्याने म्हणा: नाव, बाजू, भाग. स्वतःशी बोलतोय असं लोकांना वाटलं तर वाटू दे. दुपारी अर्धा तास आडवे व्हा, संध्याकाळनंतर चहा बंद.

पायरी 8: यंत्र, वीज आणि पाऊस

समुद्रकाठच्या खारट, दमट हवेत यंत्रं लवकर कुरकुरतात. पावसाळ्यात खोलीतला एसी आणि असेल तर डिह्युमिडिफायर पेशंटच्या सोयीसाठी नसून यंत्रासाठी आहे, हे लेखी सांगून चालू ठेवायला लावा. सकाळी ट्यूब वॉर्म-अप केल्याशिवाय मोठं एक्स्पोजर नको. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर थांबा.

बंद पडलं की इंजिनिअर मुंबई-पुण्याहून येईपर्यंत दिवस जातात आणि सगळ्यांचा राग तुमच्यावर निघतो. त्यासाठी ब्रेकडाउन रजिस्टर: बंद पडल्याची वेळ, कंपनीला फोन केल्याची वेळ, तक्रार क्रमांक, अधीक्षकांना कळवल्याची वेळ. दारावर पाटी: 'एक्स-रे यंत्र बंद आहे, दुरुस्तीची तक्रार अमुक तारखेला केली आहे, जवळची सोय अमुक ठिकाणी.' पाटी लावली की दिवसभर तेच तेच सांगण्याचा त्रास वाचतो.

एक्स-रे खोल्या बहुतेक तळमजल्यावर असतात. जुलै 2021 मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं ते कुणी विसरलेलं नाही, आणि जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडपासून श्रीवर्धनपर्यंत कित्येक गावं दीर्घकाळ विजेविना होती. पोर्टेबल यंत्र, डिटेक्टर आणि रजिस्टरं वर कुठे हलवायची, कोण हलवणार, हे मेमध्ये ठरवून घ्या.

पायरी 9: पाठ

पेशंट एकट्याने उचलू नका. मामा येईपर्यंत थांबा. एप्रन काही किलोंचा असतो, तो तासन्‌तास अंगावर ठेवू नका, आणि घडी घालून फेकू नका. घडीत आतला थर तडकतो, म्हणून तो हँगरवरच टांगायचा.

पायरी 10: खासगी सेंटरला असाल तर

इथे ताणाची जात वेगळी. पगार कमी, मालक समोरच, आणि 'आज सहा सीटी झाले पाहिजेत' असली भाषा. तीन बाबतीत अजिबात ढिलाई नको.

तुमचं प्रमाणपत्र आणि टीएलडी दुसऱ्या माणसाच्या कामासाठी वापरू देऊ नका. महाराष्ट्र परावैद्यक परिषदेतली नोंदणी तुमच्या नावावर असते, अपघात झाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

डॉक्टर जागेवर नसताना कॉन्ट्रास्ट (सीटीत अवयव उठून दिसावेत म्हणून टोचायचं औषध) देऊ नका. रिपोर्टिंग आता ऑनलाइन होतं, रेडिओलॉजिस्ट पुण्यात बसलेला असतो, आणि पेशंटला रिअॅक्शन आली तर काचेच्या या बाजूला तुम्ही एकटे. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलंय का, अॅलर्जी विचारली का, अॅड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी आहे का, डॉक्टर आहेत का, हे चार प्रश्न कागदावर. एकाचंही उत्तर नाही असेल तर इंजेक्शन नाही. मालकाला हे पहिल्या दिवशी शांतपणे सांगितलं तर पटतं. पेशंट टेबलवर असताना सांगितलं तर भांडण होतं.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'मुलगा की मुलगी' विचारणारे कधी पेढ्यांचा पुडा, कधी नोटा घेऊन येतात. लिंगनिदानाच्या 1994 च्या कायद्यात तिथल्या कर्मचाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'आम्हाला कळत नाही आणि सांगतही नाही' एवढंच बोला आणि पुडा परत करा.

पायरी 11: थकवा पुढे गेला आहे हे कसं ओळखायचं

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटचं वर्णन कामाशी निगडित प्रकार म्हणून केलं आणि त्याची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तिटकारा किंवा परकेपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही ही भावना. आपल्या खोलीत ती अशी दिसतात. पेशंटला तुम्ही नावाऐवजी 'तो गुडघा', 'ती छाती' म्हणू लागता आणि त्यात मजाही उरलेली नसते. मोबाइल वाजला की पोटात गोळा येतो, मग तो फोन आईचा का असेना. रविवारी संध्याकाळपासून चिडचिड. परत काढाव्या लागणाऱ्या एक्स-रेंची संख्या वाढते. ही शेवटची खूण सगळ्यात प्रामाणिक, म्हणून रिजेक्ट रजिस्टर (वाया गेलेल्या एक्स-रेंची नोंद) भरत जा आणि महिन्याच्या शेवटी चाळा. संध्याकाळचा एक पेग तीन झाला असेल तर ती खूणही धरा.

दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, अशी वेळ आली तर थांबू नका. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, 14416 वर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. रत्नागिरीकरांना अडचण अशी की शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि लहानपणापासून त्यावरून चेष्टा ऐकलेली असते, त्यामुळे पाय तिकडे वळत नाही. चेष्टा करणाऱ्यांपैकी कितीजण गोळ्या घेऊन झोपतात ते औषधाच्या दुकानदाराला विचारा. आपल्याच रुग्णालयात दाखवायला संकोच वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात दाखवा किंवा फोनवर बोला.

पायरी 12: रजा आधीच मांडून ठेवा

कोकणातल्या माणसाला गणपतीत घरी जायचंच असतं, इतर रजा गेल्या तरी चालतील. तुम्ही कोल्हापूर, सातारा, लातूर, अमरावतीकडून आला असाल तर तुम्हाला दिवाळी हवी असते. हा फरक तुमच्या फायद्याचा आहे. शेजारच्या तालुक्यातल्या स्थानिक तंत्रज्ञाशी जूनमध्येच ठरवा: गणपतीत त्याच्या कॉल तुम्ही बघायच्या, दिवाळीत तुमच्या त्याने. मग दोघांच्याही अधीक्षकांकडे अर्ज एकाच आठवड्यात द्या, अर्जात पर्यायी तंत्रज्ञाचं नाव घाला, आणि कार्यालयातून आवक क्रमांक टाकलेली प्रत मागून घ्या. ऐन गणपतीच्या आदल्या दिवशी 'असा अर्जच आला नाही' असं ऐकायला मिळालं, तर दाखवायला ती प्रत खिशात हवी.